निर्मलाताईंचा अर्धा पडदा

मोटार चालवताना वाटेत देऊळ लागलं की निर्मलाताई एक हात सोडून नमस्कार करतात. तेवढ्यात मोटार भिंतीवर जाऊन आदळते, काच फुटते, बॉनेटमधून धूर निघतो. ताई हात जागेवर आणतात, मोटार मागे घेतात आणि म्हणतात, "देवाच्या दारात लागलेलं दुखत नसते."

ही मोटार कॉम्प्युटरमधली आहे. गाव कुठलं तरी परदेशातलं, जिथं रस्त्यात गाय बसलेली नाही आणि कोपऱ्यावर पानठेला नाही. ताईंचं देऊळ म्हणजे चर्च आहे. त्यांचा भाचा पराग दिवाळीत आला होता तेव्हा त्यानं समजावून पाहिलं, "आत्या, वो मंदिर नहीं है."

ताई म्हणाल्या, "आत देवच बसला आहे न? का तहसीलदार बसला आहे?"

ताई रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. केस पांढरे, चष्मा जाड, गुडघे दुखरे. सकाळी पूजा, मग वरण-भात-पोळी, मग दुपारची भांडी पालथी घातली की पदर कमरेला खोचून त्या कॉम्प्युटरपुढे बसतात. हातात दोन्ही हातांनी धरायचं एक हँडल असतं, त्याच्या बटणांवर गाडी चालते. वळण आलं की ताई अंगासकट वळतात, खुर्चीचा एक पाय जमिनीवरून उठतो. कोणी आडवी गाडी घातली की ओरडतात, "काय रे बाबू, घरी सांगून आला का?" शर्यत चालू असली तरी लाल दिवा दिसला की थांबतात. बाकीच्या गाड्या सुसाट निघून जातात.

मी एकदा म्हटलं, "ताई, ते सगळे गेले."

"जाऊ दे. चालान त्याइले येईल, मले नाही."

आम्ही रायपूरच्या शंकर नगरात त्यांच्याच घराच्या मागच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहतो. माझे मिस्टर बीरगांवकडे कारखान्यात जातात, ड्यूटी कधी सकाळची, कधी दुपारची. मी घरी असते. चौघांत बोलायची वेळ आली की माझे शब्द घशाशीच थांबतात. ताईंकडे ती अडचण येत नाही, कारण आम्हा दोघींच्या वाटचं त्याच बोलतात. दुपारी मी सूप घेऊन त्यांच्या दाराशी उंबऱ्यावर बसते आणि तांदूळ निवडता निवडता परदेश बघते.

गाडीचं वेड त्यांना ऑफिसच्या बसमध्ये लागलं. रायपूर राजधानी झालं, मग ऑफिसं उचलून शहराबाहेर वसवलेल्या नव्या राजधानीत नेली. ताई तिथं क्लार्क होत्या. सरकारी बस सकाळी न्यायची आणि संध्याकाळी आणून सोडायची. ताईंची जागा ठरलेली, ड्रायव्हरच्या मागची.

"असा रस्ता, सुमन!" त्या दोन्ही हात फाकवून सांगतात. "सहा गाड्या जोडीनं जातील असा. अन् त्यावर आमची एकटी बस, म्हशीसारखी. मी रोज त्या ड्रायव्हरले म्हणो, भैया, जरा दबाओ. तो म्हणे, मैडम, आपका पेंशन बाकी है, मेरी नौकरी बाकी है."

ऑफिसातून त्यांनी घरी एकच गोष्ट आणली, ते एक वाक्य: "नियम दाखवा." भाजीवाला म्हणाला, टमाटे निवडून घ्यायचे नाहीत, की नियम दाखवा. गॅसवाला म्हणाला, आज सिलिंडर मिळणार नाही, की नियम दाखवा. आमच्या गल्लीतल्या लिमयेकाकू भजनी मंडळ चालवतात. त्या फाटकातून एकदा म्हणाल्या, "निर्मला, या वयात हातात माळ शोभते गं."

"नियम दाखवा."

"अगं, नियम कसला त्यात?"

"माळ माझ्या गळ्यात आहे, काकू. हात मोकळे आहेत."

काकू आठवडाभर बोलल्या नाहीत. ताईंना ते कळलंच नाही, कारण त्या आठवड्यात त्या बर्फातल्या रस्त्यावर होत्या.

कॉम्प्युटर मुळात परागचा. तो इंजिनीअरिंगला होता तेव्हा आत्याकडेच राहायचा. बाजूच्या खोलीत दार लावून बसायचा आणि ताईंना यंत्राला हात लावू द्यायचा नाही. मग नोकरी लागून बंगलोरला गेला. जाताना लॅपटॉप घेतला आणि म्हणाला, "आत्या, ये पुराना वाला कबाड़ में दे देना." ताईंनी हव म्हणून मान हलवली. भंगारवाला आला, तर त्याला रद्दी दिली, फुटकी बादली दिली आणि फाटक लावून घेतलं. मग खोलीचं दार उघडून त्या यंत्रापुढे बसल्या आणि एकेक बटण दाबून बघायला लागल्या. कोणी शिकवलं नाही. कॉम्प्युटर बंद कसा करायचा ते सापडेपर्यंत तो चालूच होता, अंगावर चादर घालून.

परागनं जे जसं ठेवलं होतं ते त्यांनी तसंच ठेवलं. हँडलं दोन. शर्यत दोघांची. दोघांची शर्यत म्हटली की पडदा मधून आडवा दुभंगतो. वरच्या अर्ध्यात ताईंची पांढरी गाडी धावते. खालच्या अर्ध्यात लाल गाडी सुरुवातीच्या रेषेवर उभी असते. इंजिन चालू, दिवे चालू, आणि चालवणारं कोणी नाही. दुसरं हँडल टेबलावर रुमालाखाली झाकलेलं. वर डोंगर येतात, समुद्र येतो, पूल येतात. खाली तीच रेषा, तोच झेंडा.

मी विचारलं, "ती लाल कोणाची?"

"आहे कोणाची तरी," ताई म्हणाल्या आणि गिअर बदलला.

दसऱ्यानंतर यंत्र अडखळायला लागलं. गाडी चालता चालता थबके, मग एकदम पुढे उडी मारे. कधी पडदा गोठे आणि ताई अर्ध्या वळणात कलंडलेल्या बसून राहत. पंख्याचा आवाज असा, की माझे मिस्टर म्हणाले, घरात चक्की लावली का यांनी?

पराग फोनवर म्हणाला, जुनं झालंय, काही तरी अपग्रेड करावं लागेल. म्हणजे आतला एखादा भाग काढून चांगला घालायचा. ताईंचा नियम असा, की एका वेळी एकच वस्तू. घर त्यांनी असंच भरलं आहे. आधी मिक्सर, मग फ्रिज, मग कूलर, आणि मधल्या काळात उरलेल्याशिवाय भागवायचं. प्रश्न एवढाच होता, की पहिलं काय?

त्यांनी सगळ्यांना विचारलं. दूधवाल्यालाही. तो म्हणाला, माउस बदलो. परागचा मित्र म्हणाला, रॅम. पराग म्हणाला, ग्राफिक कार्ड. लिमयेकाकू म्हणाल्या, विकून टाक आणि त्या पैशात काशीला जा.

"काशीचा रस्ता आहे का त्या गेममध्ये?" ताईंनी मला विचारलं. "असला तर जाऊन येते."

शेवटी यंत्र दुकानात न्यायचं ठरलं. आम्ही ते चादरीत गुंडाळलं, तापानं फणफणलेल्या पोराला गुंडाळतात तसं, आणि सायकलरिक्षात मध्ये घेऊन बसलो. खड्डा आला की ताई रिक्षावाल्याला म्हणत, "भैया, धीरे." मी त्यांच्या तोंडून धीरे हा शब्द पहिल्यांदा ऐकला.

दुकान गुड्डू भैयांचं. बोळातली एवढीशी खोली, भिंतीवर लटकलेल्या वायरी, टेबलावर उघडी यंत्रं. त्यांनी स्क्रू काढले, बाजूचा पत्रा सरकवला आणि आत बघतच राहिले. मग चिमट्यानं एकेक वस्तू काढून कागदावर ठेवायला लागले. तांदळाचे दाणे, हळद लागलेले. झेंडूच्या पाकळ्या. एक वाळलेलं आपट्याचं पान.

"दीदी," ते म्हणाले, "इसमें तो पूरा दशहरा हो गया है."

खंडेनवमीला घरातली हत्यारं पूजतात. ताईंनी विळी पूजली, शिवणयंत्र पूजलं, आणि या यंत्रालाही हळदीकुंकू लावून वरून अक्षता टाकल्या. वरच्या बाजूला जाळी असते आणि जाळीखाली पंखा, हे कोणाला ठाऊक?

"पूजा केली म्हणून तर आजवर चाललं," ताई म्हणाल्या.

गुड्डू भैयांनी हवा मारून सगळं साफ केलं. मग ताईंनी त्यांना एकेका भागाचं काम विचारलं आणि मला मराठीत सांगत गेल्या, कारण त्यांचं म्हणणं, "तुले समजलं तर मले समजलं." हार्ड डिस्क म्हणजे कोठीघर, सामान तिथं भरून ठेवायचं. रॅम म्हणजे ओटा. ओटा लहान असला की परात ठेवायला जागा नसते. प्रोसेसर म्हणजे घरातला कर्ता, सगळे हिशेब त्याच्या डोक्यात. ग्राफिक कार्ड म्हणजे रांगोळी काढणारी. डोंगर, समुद्र, रस्ते सगळे तीच काढते, आणि गाडी पुढे सरकली की पुसून पुन्हा काढते.

"बिचारी," ताई म्हणाल्या.

गुड्डू भैयांनी यंत्र जोडून गेम लावला. पंखा आता शांत होता, तरी गाडी अडखळतच होती. त्यांनी पडद्याकडे नीट पाहिलं.

"दीदी, ये दो-दो क्यों चल रहा है? कोई साथ में खेलता है क्या?"

"नाही."

"तो नीचे वाला बंद करो न! बेचारा कार्ड हर चीज दो बार बना रहा है. एक आपके लिए, एक खाली गाड़ी के लिए. बंद कर दो, मक्खन चलेगा. अपग्रेड-वपग्रेड कुछ नहीं लगेगा."

मला आनंद झाला. फुकटात काम होत होतं. मी ताईंकडे पाहिलं, तर त्या लाल गाडीकडे बघत होत्या.

"बंद नाही करायचं," त्या म्हणाल्या.

"दीदी, ऐसे ही चलाओगी तो कार्ड जल जाएगा. फिर ऊपर वाली भी गई."

"एकट्यानं खेळताना एकच चालवायची, असा नियम आहे का? दाखवा."

"नियम नहीं है दीदी. कार्ड की औकात की बात है."

"औकात मले नका सांगू," ताई म्हणाल्या आणि चादर उचलली.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. पराग रोज फोन करायचा. ताई फोन टेबलावर ठेवून स्पीकरवर टाकतात, त्यामुळे मला सगळं ऐकू यायचं.

"आत्या, यार, जिद क्यों कर रही हो? सिंगल प्लेयर कर दो. दो बटन का काम है."

"मले माहीत आहे कोणते दोन बटन."

"तो फिर? खाली गाड़ी खड़ी रखने के लिए मशीन जलाओगी?"

"हव."

"लॉजिक क्या है इसमें?"

"तुझ्या बंगलोरले ठेव लॉजिक. इथं मी राहते."

लिमयेकाकूंना बातमी कळली. मंडळातल्या बायकांना कळली. निर्मला कॉम्प्युटरमध्ये एक रिकामी गाडी पाळते, असं गल्लीत पसरलं. कोणी म्हणालं, वय झालं. कोणी म्हणालं, लग्न न केलेल्या बायांचं असंच होतं. ताई फाटकात उभ्या राहून ज्याला त्याला उत्तर द्यायच्या, पण घरात आल्या की यंत्र लावायच्या नाहीत. जळेल म्हणून. दुपारी खुर्चीवर बसून राहायच्या, हँडल मांडीवर, पुढे काळा पडदा. मी उंबऱ्यावर तांदूळ निवडत बसे आणि त्यात खडे उरलेले नसायचे.

असल्या एका दुपारी मी विचारलं. विचारायच्या आधी ते वाक्य मी मनात खूपदा म्हणून पाहिलं होतं.

"ताई, ती खालची गाडी परागसाठी ठेवली का?"

"परागसाठी?" ताई हसल्या. "त्या पोट्ट्यानं कधी मले बसू तरी दिलं का बाजूले?"

मग त्यांनी हँडल टेबलावर ठेवलं.

"आमची आई रोज एक पान जास्तीचं झाकून ठेवे. भात, वरण, दोन पोळ्या. कोणी आलं तर? रोज कोण येते, सुमन? कोणी नाही येत. पण तिनं कणीक कधी कमी नाही भिजवली. मी नोकरीवर लागली, घर माझ्या पगारावर चाले, तेव्हा मीच एकदा म्हटलं, आई, काहून वाया घालवतं? ती म्हणाली, ज्या दिवशी मोजून करीन, त्या दिवशी या घरात कोणी येणार नाही हे मी कबूल केल्यासारखं होईल."

मी सूप बाजूला ठेवलं.

"अन् हा पोट्टा," ताईंनी बाजूच्या भिंतीकडे मान हलवली, "दार लावून मित्रासंगं खेळे. मी बाहेर पोळ्या करून राहिली. आतून असे हसत ते दोघं! खो-खो हसत. मी तवा बाजूले करून ऐकत बसो. मले वाटे, काय असेल त्यात एवढं हसण्यासारखं? तो गेल्यावर मी उघडून पाहिलं. त्यात हसण्यासारखं काही नाही, सुमन. साधा रस्ता आहे."

एवढं बोलून त्या उठल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या. आतून म्हणाल्या, "साखर संपली. उद्या गोल बाजारात जाऊ."

दुसऱ्या दिवशी साखर घेतली आणि परतताना ताई गुड्डू भैयांच्या बोळात शिरल्या. पायरीवर उभं राहूनच म्हणाल्या, "दोन्ही चालतील असं सांगा. बंद करायचं सोडून."

गुड्डू भैयांनी सुस्कारा टाकला. दोन्ही हवीत तर मोठं कार्ड लागेल, म्हणाले. पण मोठं कार्ड या यंत्रात आज लावता येणार नाही. त्याला वीज जास्त लागते, आणि आतला जुना पॉवर सप्लाय तेवढी देऊ शकणार नाही. कार्ड आधी घेऊन बसवणारे पुष्कळ, मग दोन्ही जाळून परत येतात.

"म्हणजे आधी पॉवर सप्लाय?"

"हिसाब से तो वही. लेकिन दीदी, उससे दिखेगा कुछ नहीं. गाड़ी वैसे ही अटकेगी. पैसा भी गया और फरक भी नहीं. आप बोलोगी, गुड्डू ने ठग लिया."

"तो असतो कुठे?"

त्यांनी एका उघड्या यंत्रात खालच्या कोपऱ्यातला पत्र्याचा डबा दाखवला. धुळकट, त्यातून वायरींचा जुडगा निघून सगळीकडे गेलेला.

"या सगळ्यांना करंट हाच पुरवतो?"

"हाँ, सबको."

"अन् मी एवढ्या लोकांना विचारलं, आधी काय बदलू, आधी काय बदलू. याचं नाव कोणी घेतलं नाही ते?"

"दिखता नहीं है न, दीदी. लोग वही बदलते हैं जो दिखता है."

ताईंनी त्या डब्यावरची धूळ बोटानं पुसली. "आमच्या घरी पण माझा पगार कोणाले दिसत नव्हता," त्या स्वतःशीच म्हणाल्या, गुड्डू भैयांना नाही, मलाही नाही. मग पर्स उघडली. "हेच द्या. चांगल्यातलं चांगलं. कार्ड पुढल्या वर्षी."

नवीन डबा बसला. ताईंनी त्याला बाहेरून कुंकवाचं बोट लावलं, अक्षता टाकल्या नाहीत. मग यंत्र लावलं. गुड्डू भैया म्हणाले होते तसंच झालं. काहीही फरक पडला नाही. गाडी अडखळत होती, पडदा गोठत होता, वर पांढरी, खाली लाल. साफसफाईनं पंखा मोकळा झाला होता, आणि ताईंनी परागला फोनवर धमकावून चित्र थोडं फिकं करायचं बटण विचारून घेतलं, म्हणून कार्ड तापत तरी नव्हतं. डोंगर आता पुठ्ठ्याचे दिसायचे. ताई म्हणाल्या, "दिसू दे. मी डोंगर पाहाले नाही बसली."

गल्लीला मात्र मजा आली. एवढा खर्च करून निर्मलानं काय आणलं, तर वीज देणारा डबा! परागनं कपाळ बडवून घेतलं, म्हणजे फोनवर तसा आवाज आला. "आत्या, कोई पहले पॉवर सप्लाय लेता है क्या?"

"मी घेतला."

"दिखा क्या उससे?"

"तुले नाही दिसायचं."

दोन-तीन दिवसांनी मी फाटकाशी कचरा टाकायला गेले, तर लिमयेकाकू आणि त्यांच्यासोबत मंडळातल्या दोघी उभ्या होत्या. काकूंनी मला हाताला धरून थांबवलं.

"सुमन, तू तरी तिला समजाव गं. तू जवळ असतेस. भल्या बाईनं रिकाम्या गाडीपायी पेन्शन घालवली. लोक हसतात."

दोघी हसतच होत्या. मी नेहमीसारखी मान खाली घातली. नेहमी मी मान खाली घालते, हं हं करते आणि सुटते. त्या दिवशी हं आलंच नाही. घशातून दुसरंच आलं.

"रिकामी नाही ती."

"मग कोणाची आहे?"

"माझी."

काकूंनी माझा हात सोडला. "तुझी? तू चालवतेस?"

"हव. चालवते. नियम आहे का काही?"

आणि मी कचऱ्याची बादली तिथंच ठेवून परत आले. मला सायकलसुद्धा येत नाही.

आता मागे फिरायची सोय नव्हती. काकू उद्या विचारणार, परवा विचारणार, आणि मला खोटं निभावता येत नाही. मी ताईंच्या खोलीत शिरले. उंबऱ्यावर बसले नाही, आत गेले. ताईंनी चष्म्यावरून पाहिलं. मी पदर कमरेला खोचला, टेबलावरचा रुमाल उचलला आणि दुसरं हँडल हातात घेतलं. ते मला वाटलं त्यापेक्षा हलकं होतं.

"काय झालं?" ताई म्हणाल्या.

"काकूंना सांगून आले, की लाल गाडी माझी आहे."

ताईंनी स्वतःचं हँडल टेबलावर ठेवलं. मग उठून स्वयंपाकघरातली लाकडी खुर्ची घेऊन आल्या, स्वतःच्या खुर्चीला लावून ठेवली, पदरानं पुसली. "बस. हे दाबलं की पुढे. हे दाबलं की थांबते. बाकीच्याले हात नको लावू."

झेंडा पडला. सगळ्या गाड्या गेल्या. माझी गाडी उलटी गेली.

"ते नाही, ते मागचं! अवो, ते मागचं आहे!"

मी पुढचं दाबलं. गाडी कठड्यावर गेली. वळवली, तर गोल फिरली. एका झाडाला लागली, तिथून निघाली आणि परत त्याच झाडाला लागली. मधूनच पडदा गोठायचा आणि मी श्वास धरून बसायची. सुटला की गाडी भलत्याच ठिकाणी. मी अंगासकट वळत होते, हे मला ताईंना कोपर लागलं तेव्हा कळलं. एका ठिकाणी माझी गाडी पुलाच्या कठड्यावर तोंड वर करून उभी राहिली, चाकं हवेत फिरत, आणि ताईंना हसू फुटलं. मला वाईट वाटायला हवं होतं. पण माझ्याही तोंडून हसू निघालं, आणि मग ते थांबेना. डोळ्यांतून पाणी आलं, पडदा दिसेना. पलीकडच्या खोलीत मिस्टर झोपले होते, त्यांनी भिंतीवर थापा मारल्या.

"मारू दे," ताई म्हणाल्या. "भिंत माझी आहे."

पुलावरून खाली आले तेव्हा मी वरच्या अर्ध्याकडे पाहिलं. मला वाटलं, ताई केव्हाच पोहोचल्या असतील. त्यांची पांढरी गाडी रस्त्याच्या कडेला उभी होती. बाकीच्या गाड्या एकेक करून निशाणापार जात होत्या, तशी नावं पडद्यावर येत होती. लाल दिवा कुठंच नव्हता.

"ताई, तुम्ही काहून थांबल्या?"

"तू आपली चालव. घाई नको करू."

मी हळूहळू चालवत त्यांच्या गाडीशी आले. आमच्या दोन्ही अर्ध्यांत एकच रस्ता दिसायला लागला, वरच्या अर्ध्यात माझी लाल गाडीही, खालच्यात त्यांची पांढरीही. मी पुढे गेले. मग पांढरी गाडी सुरू झाली आणि माझ्या मागून येऊ लागली, मी थांबले की थांबत, मी कठड्याला लागले की वाट बघत. यंत्र अडखळत होतं. आम्हीही अडखळतच होतो.

शर्यत संपली तेव्हा नावांची यादी आली. मी शेवटून दुसरी आले होते. शेवटल्या निर्मलाताई होत्या.